"मी बर्नार्डा आहे का हो, ताई?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं.

पन्नाशीच्या बाई. लग्न करून लंडनला आलेल्या, दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, घरात दोन तरुण मुली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) धाकटी त्यांना नॅशनल थिएटरला 'द हाउस ऑफ बर्नार्डा आल्बा' बघायला घेऊन गेली होती. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्कानं हे नाटक जून १९३६मध्ये लिहून पुरं केलं आणि दोनच महिन्यांत त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. नाटकात नवरा वारल्यावर बर्नार्डा पाच मुलींवर आठ वर्षांचा दुखवटा लादते. दारं-खिडक्या जणू विटांनी चिणलेल्या. शेवटी वीस वर्षांची आदेला जीव देते.

२०२३च्या त्या प्रयोगात हॅरिएट वॉल्टर बर्नार्डा झाल्या होत्या, आणि नेपथ्यात तीन मजली घराच्या साऱ्या खोल्या उघड्या दिसत होत्या. "कोणती पोर कुठे काय करतेय ते आपल्याला दिसतं," बाई म्हणाल्या, "आईलाच दिसत नाही." घरी येताना ट्रेनमध्ये मुलगी एक अक्षर बोलली नव्हती. तेच त्यांना लागलं होतं.

मी काळजी करते की जाच करते, हा प्रश्न माझ्याकडे कितीतरी आया घेऊन येतात. उत्तर नियमांत असेल असं त्यांना वाटतं. दहाच्या आत घरी ये म्हणणं चूक का? मी नियमांकडे नंतर बघते. बर्नार्डा रंगमंचावर येते तीच 'गप्प!' म्हणत, आणि मुलगी गेल्यावरही तिचा शेवटचा शब्द तोच. तीस वर्षं घरात राबलेली पोन्सिया तिला सावध करत असते, तिलाही ती उडवून लावते. म्हणून मी विचारलं, "मुलीचं बोलणं पटलं नाही की तुम्ही काय म्हणता?"

बराच वेळ गेला. "विषय बंद, असं म्हणते."

बाबांचा विषयही बंदच होता. मुलींना त्रास नको म्हणून यांनी फोटो कपाटात ठेवलेला. आईला त्रास नको म्हणून मुली बाबांचं नाव काढत नव्हत्या. आणखी कुणी हातचं जाईल या भीतीनं बाई कडक झाल्या होत्या. मला त्यांची फार माया वाटली.

मी एवढंच सुचवलं: आठवडाभर, निकाल देण्याआधी एक प्रश्न विचारा आणि उत्तर पुरं होऊ द्या. मात्र घरात मारहाण असेल, कोंडून ठेवणं असेल, किंवा मूल 'जगावंसं वाटत नाही' म्हणत असेल, तर असले घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी मदत घ्या. ते बोलणं 'नाटकं करते' म्हणून कधीही झटकू नका.

पहिल्या आठवड्यात जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, पण उलटतपासणी घेतल्यासारखं. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "धाकटीला विचारलं, मला ते नाटक का दाखवलंस? म्हणाली, 'मला एकटीला बघवलं नसतं, आई.'"

फोटो आता हॉलमध्ये आहे. थोरली अजून फारसं बोलत नाही.