देवाशी शेवटचं कधी भांडलात?

प्रार्थना करतो, उपवास धरतो, रविवारची उपासना चुकवत नाही. तरी दुखणं हटत नाही, नोकरी लागत नाही. मग आमचा विश्वासच कमी पडतोय का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला येणारे हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की एकदा सविस्तर उत्तर लिहिलेलं बरं. पुढच्या हकिगतीत ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठका थोडक्यात आटवल्या आहेत.

ऐरोलीच्या एक बाई, चाळिशीतल्या. नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झालेली, रबाळे एमआयडीसीतली नोकरी सुटलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. चर्चमध्ये, मंडळीसमोर त्या उभ्या राहून साक्ष देत, ‘प्रभू चांगला आहे’ म्हणत. घरी आल्यावर मात्र बायबल उघडवत नव्हतं.

सुरुवातीला देवाचा विषय काढलाच नाही. झोप किती, डायलिसिसच्या दिवशी तुम्ही स्वतः काय खाता, एवढंच विचारलं. झोप चार तास. खाणं म्हणजे रुग्णालयाबाहेरचा वडापाव आणि चहा. हा क्रम बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला आहे. मरण मागत झुडपाखाली पडलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर. जागरणाने पिचलेल्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा घ्यायची नसते. आठवड्यातली एक पाळी दिराने सांभाळायची आणि बाईंनी घरून डबा न्यायचा, इतकं आधी ठरलं.

झोप जरा रुळावर आल्यावर विचारलं, ‘देवाशी शेवटचं कधी भांडलात?’

‘अहो ताई, देवाशी कुणी भांडतं का?’

‘आणि नवऱ्याशी?’

‘ते तर रोजचंच.’ त्या हसल्या.

‘अबोला धरलात कधी?’

‘एकदा. फार वाईट गेले ते दिवस.’

‘मग सध्या देवाशी काय चाललंय?’

बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, ‘अबोला.’

खरं तर देवाशी भांडणं मराठी कानाला नवं नाही. जनाबाई आणि तुकोबा विठोबाला काय काय बोलले ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं, आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं नारायण वामन टिळक म्हणत. पण मंडळीत वाढलेल्या आपल्या माणसांना बहुधा स्तुतीच शिकवली जाते. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, ती कुणी पाठ करून घेत नाही.

बाईंना १३वं स्तोत्र दिलं. त्यात सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ ही तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच बेताने रोज दहा मिनिटं वहीत लिहायचं: देवाला हाक, तक्रार, मागणं आणि ‘तरीही’. यात काय काय चुकतं ते आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक जण ‘तरीही’पासूनच सुरुवात करतात आणि तक्रार गिळून टाकतात. काही जण उपासनेतल्या भाषेत लिहितात. लिहायचं घरात बोलतो तसं. मागणं ‘सगळं ठीक कर’ असं मोघम असू नये. ‘उद्या मशीनवर यांचं बीपी खाली जाऊ देऊ नकोस’ असं नेमकं असावं. वेळ संध्याकाळची, जेवणाआधीची. अंथरुणावर पडून लिहिलं तर तक्रार रात्रभर डोक्यात घोळत राहते. दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं राहिलं तरी वही मिटायची. आणि ‘तरीही’ सुचलं नाही तर ती जागा कोरी ठेवायची. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते बायबलमधून कुणी काढलेलं नाही.

पुढच्या भेटीत बाईंनी वही आणली, पण पुढे करेनात. पेन्सिलीने लिहिलं होतं. ‘खोडता यावं म्हणून,’ त्या म्हणाल्या. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘हे खोडू का? पाप लागेल.’ ओळ होती: ‘तू झोपलास का रे?’

उत्तर न देता ४४वं स्तोत्र उघडून २३वं वचन त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. हे प्रभू, जागा हो, का झोपला आहेस, असा तिथे सवाल आहे. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि रडल्या. मंडळीत डोळे पुसत रडतात तसं नाही, मोकळं. नंतर म्हणाल्या, ‘म्हणजे हे आधीच कुणीतरी बोलून बसलंय!’

या कामातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच असतो. सल्ले देऊन तो आणता येत नाही; माणसाला योग्य पानाशी नेऊन गप्प बसावं लागतं. मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, वादळात सापडलेले शिष्यही बाईंसारखीच तक्रार करतात. येशू उशीवर झोपलेला, आणि ते त्याला उठवून म्हणतात की आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? मार्कचा क्रम पाहा: येशू आधी वादळ शमवतो, विश्वासाचं मग विचारतो. शिष्य घाबरले होते, बोलण्यात उद्धटपणाही होता, पण गेले त्याच्याकडेच. तक्रार त्याच्याकडे नेणाऱ्याचा विश्वास शाबूत असतो. अबोला लांबला तर काळजी करावी.

बाई पेनाने लिहू लागल्या. ‘तरीही’ची जागा बरेच दिवस कोरी होती. मग एकदा तिथे आलं: ‘आज हे मशीनवर शांत झोपले.’ नवऱ्याचं डायलिसिस अजून चालूच आहे.

आता आजाऱ्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांविषयी. ‘घरात काही पाप असेल’ म्हणणाऱ्यांनी योहान ९:३ वाचावं. जन्मांधाबाबतची तीच शंका येशूने तिथे साफ नाकारली आहे. बायबलमधल्या दुःखाने गांजलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. ‘देव सगळ्यातून भलंच करतो’ हे रोमकरांस ८:२८ ऐकवायचंच असेल तर आधी २६वं वचन वाचा, तिथे पवित्र आत्मा स्वतः कण्हतो आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा. त्यानंतर इतकी वर्षं सेवा करूनही १९२१ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? आणि डायलिसिसच्या घरी नारळपाणी, केळी नेऊ नका. त्यातलं पोटॅशियम अशा रुग्णाला घातक ठरू शकतं. काय चालतं ते विचारून डबा न्या.

प्रार्थनेवर भरवसा आहे म्हणून डायलिसिस चुकवणं किंवा गोळ्या बंद करणं, यावर मात्र चर्चा नाही. बायबलमध्येच यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला, प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. मागायला लाजू नका.

वही सगळ्यांना पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर पाळकांच्या बरोबरीने मानसोपचारतज्ज्ञही हवेत. ‘प्रभूने आता मला न्यावं’ हे वाक्य घरात वारंवार ऐकू आलं तर ते भक्तीचं समजून सोडू नका. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा, माणसाला एकटं ठेवू नका आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच दिवशी फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.