पावसाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातली सर्पदंशाची लस का संपते?

कारण एका रुग्णालाच सुरुवातीला 10 व्हायल (कुप्या) लागतात. म्हणजे कपाटात 10 असल्या तरी साठा एका माणसापुरताच. मूल असलं तरी डोस तेवढाच. वजनावर कमी करायचा नसतो. घोणस किंवा फुरसं चावलं असेल आणि 6 तासांनंतरही रक्त गोठत नसेल तर पुन्हा द्यावी लागते.

ऐन पावसाळ्यात उत्पादन वाढवता येत नाही. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तात विषाविरुद्धची प्रतिपिंडं (ज्यांपासून लस बनते) तयार व्हायला महिने जातात, आणि देशातलं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. त्यामुळे मागणी मे महिन्याआधीच नोंदवा.

खरी नासाडी होते ती लक्षणं नसताना केवळ भीतीपोटी लस दिल्याने. म्हणून आधी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचं 2 मिली रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवा. ते गोठलं नाही तर विष चढलंय, लस द्या. प्लास्टिकची नळी चालत नाही. तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही आणि लस उगाच जाते. मण्यार, नागाच्या विषात मात्र रक्त गोठतं, म्हणून पापण्या झुकतात का, गिळता येतं का, श्वास नीट चालतो का हे सतत तपासा. पावडरची लस थंड, कोरड्या जागी फ्रीजशिवाय टिकते, त्यामुळे ‘फ्रीज नाही’ म्हणून साठा नाकारू नका. अ‍ॅड्रेनलिन (लसीची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर द्यायचं इंजेक्शन) भरून ठेवल्याशिवाय लस सुरू करू नका.