सफरचंदाला गप्प, माटोळीला बोलकी

लहान मुलांच्या बोलण्यावर काम करते मी, गोव्यात. जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की माझ्या म्हापशाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, साडेतीन वर्षांची झाली, शाळेत तोंड उघडत नाही. घरी आता इंग्रजीच बोलायचं का?" यंदा चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, हा प्रश्न घेऊन डिचोलीकडची एक आई आली. मुलीला आपण रेवा म्हणू. आईचं माहेर सावंतवाडी, म्हणून ती मुलीशी मराठीत बोलते. आजी-आजोबांची कोंकणी. बाबा वेर्ण्याला कारखान्यात पाळीने जातात. मुलगी झोपलेली असतानाच ते बहुधा घरी असतात. शाळा इंग्रजी.

"शाळेतून काय सांगितलं?" मी विचारलं.

"घरात तीन-तीन भाषा, त्यामुळे पोरगी गोंधळलीय म्हणाले. एकच भाषा ठेवा, इंग्रजी. आम्ही ठेवली महिनाभर."

"मग?"

"मग घरीही बोलायची कमी झाली." आईने मान खाली घातली. "खरं सांगू का? आम्हीच कमी बोलायला लागलो. इंग्रजीत मला ओरडता येतं, लाड करता येत नाहीत."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. अर्धं निदान आईनेच केलं होतं.

तरीही आधी कान तपासून घ्या म्हटलं. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि पुष्कळांना ते पटत नाही, कारण "हाक मारली की वळते ना!" पण सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तर हाक ऐकू येते आणि शब्दांची टोकं बोथट होतात. रेवाचे कान ठीक निघाले. मग मी कामाला लागले आणि पहिली चूक केली.

चित्रांचे पत्ते मांडले. सफरचंद, फुगा, बस, मांजर. "हे काय?" गप्प. "आणि हे?" गप्प, वर बुटाच्या पट्ट्याशी चाळा. दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी आईला बँकेतून सुटी मिळाली नाही, म्हणून आजी घेऊन आल्या. त्या बाहेर बसायला तयार नव्हत्या. माझे पत्ते पाहून म्हणाल्या, "बाई, तिला ठाऊक असलेलंच तिला विचारताय. ती कशाला सांगेल?"

मला थोडा राग आला, हे कबूल करते. पण आजी तोवर नातीकडे वळल्या होत्या. "बाय, माटोळेक कितें कितें बांदिल्लें गो?" माटोळीला काय काय बांधलं होतं? माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली चौकट. तिला रानफळं, भाज्या, नाल्ल म्हणजे नारळ बांधतात.

रेवाने मान वर केली. "कांगलां." मग जरा थांबून, "आमाडे. चिबूड." आणि एकदम उभी राहून दोन्ही हात वर करत म्हणाली, "आनी नाल्ल पडलो! आजोच्या पायार! धप्प!"

"आजोन कितें म्हळें?"

"आजो नाचलो!"

आम्ही तिघीही हसलो. दोन बैठकांत एक शब्द न बोललेल्या मुलीने घटना क्रमाने सांगितली, आवाज काढून दाखवला, वर विनोदही केला. माझे पत्ते टेबलावर तसेच पडले होते. वीस वर्षं हे काम करते आहे, आणि त्या दिवशी एका आजींनी मला माझ्याच विषयाचा पहिला धडा पुन्हा गिरवायला लावला. उत्तर माहीत असून विचारलेला प्रश्न ही परीक्षा असते. पुढे काय झालं, हे खरंच ऐकायचं असतं तेव्हाच गप्पा होतात. मूल हा फरक तिसऱ्या वर्षीच ओळखतं.

मी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगोत्स्कीच्या गोत्रातली. मुलाचा विचार आधी माणसांमधल्या बोलण्यात घडतो आणि मग आत उतरतो, या त्याच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे. म्हणून घरातल्या हसण्या-रागावण्याची भाषा काढून घ्या, असं कुणी सांगितलं की मला धास्ती वाटते.

पुढच्या वेळी आईला समोर बसवून सरळ सांगितलं. तीन भाषांनी मूल गोंधळत नाही. "मम्मा, पेज हॉट आहे" म्हणणारं मूल जवळ असलेला शब्द वापरून काम भागवत असतं. आपण मोठेही दिवसभर तेच करतो. शब्द मोजायचेच असतील तर तिन्ही भाषांचे मिळून मोजा. एकाच भाषेचे मोजले तर मूल मागे वाटतं, आणि नेमकी तीच मोजणी सगळे करतात. नव्या भाषेच्या वर्गात मुलं कधी कधी काही महिने नुसती ऐकत बसतात. घरी मोकळेपणी बोलत असतील तर तेवढा अवकाश द्यायला हवा.

"पण मग इंग्रजी?" आई.

"शाळेत येईल. तुम्ही गोष्ट सांगा. पुस्तक इंग्रजी असलं तरी चित्रं मराठीत वाचा."

गोव्यात माध्यमाचा विषय निघाला की आवाज चढतात. इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान द्यावं का, हा २०११ मधला वाद अजून कुणी विसरलेलं नाही. मला त्यात शिरायचं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही, जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं लिहिलंय. शाळा तुम्ही कुठलीही निवडा. घरात पोळी वाढताना कोणत्या भाषेत बोलायचं, ते शाळेने ठरवू नये, इतकंच माझं म्हणणं.

अक्षरांची घाई हा दुसरा रोग. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून एबीसीची पानं भरून घेतात. त्याआधी कानाला शब्द फोडता आला पाहिजे. कां-ग-लां, तीन टाळ्या. चि-बूड, दोन. हा खेळ तिला लगेच जमला. शब्दाचे असे तुकडे मुलांना सहज ऐकू येतात. 'कॅट'मधले तीन आवाज वेगळे काढणं त्याहून अवघड, आणि ते नंतर येतं. अडगुलं मडगुलं म्हणताना आजी हेच शिकवत असते, फक्त तिची फी नसते.

आईला घरचं काम एकच दिलं. मूल बोललं की त्यात दोन शब्द घालून परत द्यायचं. "नाल्ल पडलो" म्हणाली तर "हो, मोठ्ठा नाल्ल पडलो, दोरी सुटली ना!" आणि प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजायचे. "पाच खूप होतात हो," आई पुढच्या वेळी म्हणाली. खरंच होतात.

प्रत्येक गप्प मूल रेवासारखं नसतं, हेही सांगते. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, नावाला वळत नसेल, आलेले शब्द जात असतील, तीन वर्षांचं होऊनही परक्यांना त्याचं बोलणं फारसं कळत नसेल, किंवा घरच्या भाषेतही गप्प असेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलले' म्हणत थांबू नका. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे न्या.

शेवटच्या बैठकीत आम्ही दोघी मोठ्या माणसांसारख्या बोलत होतो तेव्हा रेवाने माझ्या पॅडवर वेटोळी काढली. डावीकडून उजवीकडे, ओळीत.

"सॉरी मॅडम, कागद खराब केला तिने," आई घाईने म्हणाली.

"थांबा. रेवा, काय लिहिलंस?"

तिने बोट फिरवत वाचून दाखवलं. "कांगलां, आमाडे, आनी आजो नाचलो."

कागद मला फाइलमध्ये ठेवायचा होता. मी मागितला. तिने छातीशी धरला.

"ना. हांव आजीक दाखयतां."