कूलंट बदलताना आत उरलेलं पाणी मोजा

कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) तांबूस झालंय, कसारा घाटात तापमानाचा काटा वर जातो, घरच्या बोअरच्या पाण्याने फ्लश केला, म्हणजे आतून धुऊन काढलं, तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. फ्लश घरी आरामात होतो, पण बोअरचं पाणी नको. त्यातल्या क्षारांचा गीझरच्या कॉइलवर बसतो तसा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसेल. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणा. आणि काटा चढायला एकटं कूलंटच कारण असतं असं नाही. फॅन आणि थर्मोस्टॅटही (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बघून घ्या.

कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी साय दिसली तर मात्र काहीच करू नका, गाडी थेट गॅरेजला न्या. हेड गॅस्केट (तेल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील) गेलेलं असू शकतं.

काम सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. गरम इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट अंगावर येतं. जुनं कूलंट आधी काढायचं. जुन्या गाडीच्या रेडिएटरचा प्लास्टिकचा ड्रेन प्लग (खालचं बूच) फिरवताना तुटू शकतो, त्यामुळे मी रेडिएटरचा खालचा होस (रबरी नळी) सोडणं पसंत करतो. होस परत लावून साधं डिस्टिल्ड भरा, हीटर फुल गरमवर ठेवा, वरचा होस चांगला तापेपर्यंत इंजिन चालवा. तोवर थर्मोस्टॅट उघडलेला असतो. मग इंजिन पूर्ण गार झालं की ते पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. बाजारातली फ्लशची बाटली जुन्या, गंजलेल्या गाडीत मी ओतणार नाही. सुटलेला गाळ हीटरच्या नळ्यांत जाऊन अडकतो.

आता बहुतेकांचं चुकतं ते. समजा मॅन्युअलमध्ये क्षमता 5 लिटर आहे आणि खाली बादलीत 3 लिटरच आलं. म्हणजे 2 लिटर साधं पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच आहे. त्यावर 50-50 चं (अर्धं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, अर्धं पाणी) तयार कूलंट 3 लिटर ओतलंत, तर आत कॉन्सन्ट्रेटचं प्रमाण 30 टक्क्यांवर येतं. निफाडचा पारा कितीही उतरला तरी आपल्याकडे गोठण्याची धास्ती नाही, पण गंज रोखणारी रसायनंही त्याच प्रमाणात पातळ होतात. म्हणून कॉन्सन्ट्रेट घ्या: आधी 2.5 लिटर ते, मग उरलेली जागा डिस्टिल्डने. रंग बघून कूलंट घेऊ नका, रंगाचा काही नियम नाही. मॅन्युअलमधला प्रकार बघा.

भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, सावकाश ओता, एअर ब्लीड स्क्रू (आतली हवा सोडणारा) असेल तर तो सैल करा. इंजिन तापूनही हीटरमधून गार हवा आली तर आत हवा अडकलीय. पुढचे काही दिवस सकाळी टाकीची पातळी बघत जा, थोडी उतरतेच.

काढलेलं कूलंट गटारात नको, तिथून ते गोदावरीलाच जायचं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी. बादली उघडी राहिली तर गल्लीतलं कुत्रं चाटेल. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर चिठ्ठी लावा, आणि ओळखीचा गॅरेजवाला वेस्टमध्ये घेतो का ते विचारा.