डिस्क घ्यावी की डाउनलोड?

प्रश्न : मुलाला दहावीनंतर प्लेस्टेशन ५ घेऊन द्यायचा आहे. डिस्क ड्राइव्हवाला घेऊ की बिनड्राइव्हचा स्वस्त? तो म्हणतो, हल्ली सगळे डाउनलोडच करतात.
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, ड्राइव्हवालाच घ्या. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते. आमच्याकडे फुटबॉलची एकच डिस्क मी, माझा मावसभाऊ आणि त्याचा शेजारी अशा तीन घरांत दोन वर्षं फिरली. डाउनलोड केलेला गेम खात्याला बांधलेला असतो, तो असा फिरवता येत नाही. निन्टेन्डो कंपनीने २७ मार्च २०२३ रोजी थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या गेम-यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री थांबवली, तेव्हा फक्त डाउनलोडवर मिळणारे कितीतरी गेम विकत घ्यायची सोयच उरली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

डिस्कवरही डोळे झाकून विसंबू नका. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डिस्कवर मिळायचा, पण मार्च २०२४ अखेर युबिसॉफ्ट कंपनीने त्याचे सर्व्हर, म्हणजे तो इंटरनेटवरून ज्यांना जोडला जायचा ते संगणक, बंद केले आणि डिस्क हातात असून गेम चालेना. म्हणून खेळायला सतत इंटरनेट लागतं का, हे डब्यावर आधी वाचा. छोटे, स्वस्त गेम मात्र खुशाल डाउनलोड करा; त्यातले बरेच डिस्कवर येतच नाहीत. आणि जुनी डिस्क घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा.