आपले प्रश्न : जठराची सूज आणि मोठं करून दाखवणारी दुर्बीण

प्रश्न : दोन वर्षं पित्ताचा त्रास आहे. मिरजेत दुर्बीण घातली, रिपोर्टमध्ये 'ॲन्ट्रममध्ये सौम्य गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराच्या खालच्या टोकाच्या भागात सौम्य सूज, असं आलं. आता दुसरे डॉक्टर मॅग्निफाइंग एंडोस्कोपी करू म्हणतात. आधीची तपासणी चुकली का? तपासणीसाठी अस्तराचा तुकडा (बायॉप्सी) काढावाच लागेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : चुकली असं नाही, पण साध्या दुर्बिणीत दिसणाऱ्या लालीवर फार भरवसा ठेवता येत नाही. लाल दिसणाऱ्या अस्तरात सूज नसते असंही होतं, आणि चांगल्या दिसणाऱ्या अस्तरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू मुक्काम ठोकून असतो.

मॅग्निफाइंग म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीत अस्तर सुमारे ८० पट मोठं दिसतं. टोकाला मऊ काळी टोपी बसवतात. त्यामुळे भिंग अस्तरापासून साधारण २ मिलिमीटरवर स्थिर राहतं. निरोगी जठराच्या मधल्या भागात, आखूड (आतल्या वळणाच्या) बाजूला खाली, बारीक शिरा सारख्या अंतरावर, तारामाशासारखे पाय पसरून बसलेल्या दिसतात. भोवती गोल रंध्रं (अस्तरातल्या ग्रंथींची बारीक तोंडं) आणि मधाच्या पोळ्यासारखी केशवाहिन्यांची जाळी. ही नक्षी शाबूत असेल तर जंतू नसण्याचीच शक्यता जास्त. संसर्गात आधी शिरा दिसेनाशा होतात, मग जाळी. रंध्रं पांढरट आणि फुगीर होतात, भोवती लाली येते. अस्तर झिजलं की रंध्रंही नाहीशी होतात आणि शिरा वेड्यावाकड्या दिसतात.

मात्र ॲन्ट्रममध्ये ही नक्षी निरोगी माणसातही नसते. नुसतं ॲन्ट्रम पाहून निष्कर्ष काढू नये. तुमचा रिपोर्ट तेवढ्यावरच थांबलेला दिसतो.

तुकडा काढावा, असंच आमचं मत. ॲन्ट्रममधून दोन, जठराच्या कोनातून (आखूड बाजूच्या वळणावरून) एक, मधल्या भागातून दोन, असे पाच तुकडे. ॲन्ट्रमचे आणि मधल्या भागाचे वेगळ्या बाटल्यांत जावेत, नाहीतर झीज नेमकी कुठे आहे ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. आधी निरीक्षण, मग तुकडे. रक्त पसरलं की नक्षी झाकली जाते. फेस आणि चिकट स्रावही तसाच आड येतो, म्हणून तपासणीआधी पाण्यात सिमेथिकोन हे फेस मोडणारं औषध पाजतात. जेवण ८ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा नको.

सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची होते. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी चालू असली की जंतूंची संख्या घटते, ते ॲन्ट्रममधून वर सरकतात आणि तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येते. डॉक्टरांना विचारून ती २ आठवडे आधी थांबवा. प्रतिजैविक घेतलं असेल तर ४ आठवडे जाऊ द्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

प्रश्न : हेलिकोबॅक्टर जंतूचं औषध पूर्ण केलं, रक्ततपासणी अजून पॉझिटिव्हच आहे. पुन्हा कोर्स घ्यावा का?
– एक वाचक, वाई

उत्तर : एवढ्यावरून नको. जंतू गेल्यावरही रक्तातली प्रतिपिंडं (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज) महिनोन्महिने टिकतात. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी, पित्ताची गोळी २ आठवडे बंद ठेवून, शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) तपासणी किंवा युरिया श्वासचाचणी करा. तीही पॉझिटिव्ह आली तरच पुढचा कोर्स, आणि तोही वेगळ्या प्रतिजैविकांचा.