चौकातला कॅमेरा वळवला? आधी डीव्हीआर कुठे ठेवलाय ते बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला, लोकवर्गणीतून ८ कॅमेरे बसवले आणि दोन महिन्यांत चौकातल्या कॅमेऱ्याचं तोंड कुणीतरी आभाळाकडे करून ठेवलं, वर ग्रामपंचायतीतला मॉनिटर येणारा-जाणारा बंद करतो. वाचून खरंच वाईट वाटलं, घराघरातून गोळा केलेले पैसे असतात हो ते. मी बरीच वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी डीव्हीआर, म्हणजे सगळं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, कुठे आहे ते सांगा. बहुतेक ठिकाणी तो मॉनिटरला चिकटूनच टेबलावर असतो, माऊस लावलेला, अॅडमिनचं लॉगिन चालूच. म्हणजे दाखला काढायला आलेला माणूससुद्धा हार्डडिस्क फॉरमॅट करू शकतो. माझ्याच एका कामात चोरांनी चारही कॅमेऱ्यांना हात लावला नाही, सरळ डीव्हीआर उपटून नेला, कारण मालकाच्या सोयीसाठी मी तो गल्ल्याखाली ठेवला होता. चेहरे स्पष्ट आले असणार, पण ते ज्या डब्यात होते तो डबाच गेला. तेव्हापासून मी कुलपाची रॅक घेतल्याशिवाय काम घेत नाही.

तर रॅक घ्या, हवेला जाळी असलेली, बोल्ट आतून मारलेले, आणि ती दुसऱ्या खोलीत उंचावर लावा. तिथून मॉनिटरपर्यंत फक्त चित्राची एचडीएमआय केबल आणा, माऊस काढून ठेवा. शिपायाला वेगळा युजर द्या ज्यात फक्त लाईव्ह आणि जुनं रेकॉर्डिंग बघता येईल, डिलीट आणि सेटिंग काही नाही. डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा सप्लाय आणि यूपीएस यांचा बोर्ड मॉनिटरच्या बोर्डापासून वेगळा हवा, कारण लोक मॉनिटर बंद करायला जातात आणि भलतंच बटण दाबतात. नुसता मॉनिटर बंद झाला तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, त्यामुळे त्याची फार काळजी करू नका. फक्त तो बाकड्यावर बसलेल्या लोकांकडे तोंड करून ठेवू नका, कुठला कोपरा कॅमेऱ्यात येत नाही हे सगळ्या गावाला त्यातूनच कळतं.

आता कॅमेरा. बुलेट, म्हणजे लांबट नळीसारखा कॅमेरा, हाताला लागेल अशा उंचीवर असला की काठीनेही वळतो. साधारण ४ मीटरवर न्या, त्याहून फार वर नको, नाहीतर नुसत्या टोप्या दिसतात. खाली लावावाच लागला तर आयके१० लिहिलेला डोम, म्हणजे घुमटाच्या आत बसवलेला कॅमेरा, घ्या, म्हणजे ५ किलोचं वजन ४० सेंटीमीटरवरून आदळलं तरी टिकेल इतका मजबूत. पण धुळीच्या रस्त्यावर डोमची काच खराब होते आणि रात्री आयआरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याला न दिसणाऱ्या दिव्यांचा उजेड तिच्यावरच पसरतो, म्हणून मी खांबावर बुलेटच लावतो आणि दुसरा कॅमेरा असा लावतो की त्यात पहिला खांब दिसेल. वळवणारा त्यात येतोच. वायर जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपमधून किंवा खांबाच्या आतून घ्या, जॉईंट बंद बॉक्समध्ये. बाहेर लोंबणारी वायर ब्लेडने कापायला कितीसा वेळ लागतो.

पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे का? आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरूनच जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट, केलं असेल तर बंद करा, मोबाईलवर बघायचं तर त्याशिवायही जमतं. डीव्हीआरच्या मेनूत टॅम्परिंग (कॅमेऱ्याशी छेडछाड), व्हिडिओ लॉस (चित्र गेलं), डिस्क एरर (डिस्क बिघडली) असे अलार्म असतात, बहुतेक लोक ते चालूच करत नाहीत, ते चालू करून नोटिफिकेशन दोघातिघांच्या मोबाईलवर जाऊ द्या.

आणखी एक, घड्याळ बरोबर ठेवा आणि काही घडलं की त्याच दिवशी फुटेज काढून ठेवा. ४ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करताना, एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो, आठ कॅमेऱ्यांना ४ टीबीची डिस्क अकराबारा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. कोर्टात कॉपी द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायची असते, म्हणून मूळ फाईल एडिट करू नका, व्हॉट्सअॅपवरून आलेली कॉपी तर देऊच नका.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, माझ्या मते सगळ्यात कामाचासुद्धा: आठही कॅमेऱ्यांचं आजचं चित्र कागदावर छापून मॉनिटरशेजारी चिकटवा. शिपायाने रोज सकाळी कागद आणि स्क्रीन ताडून बघायचं, कालचं रेकॉर्डिंग एक मिनिट चालवून बघायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. तुमचा कॅमेरा आभाळाकडे किती दिवस होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, तो आकडा आधी डीव्हीआरमध्ये शोधा, वळवणारा माणूस बहुधा कॅमेरा वळतानाच्या क्लिपमध्ये सापडेल, पण डिस्कवरचं जुनं पुसलं जायच्या आत बघा.